मधुमेह आणि आपली दिनचर्या



मधुमेहाच्या रोग्याला डॉक्टर जे पहिले प्रश्न विचारतात त्यांत जेवणाखाण्याचा एक प्रश्न असतोच. "दिवसभरांत काय काय खातां?" या साध्या प्रश्नाला आपल्या सुशिक्षित घरांतील पुरुषांकडून जें उत्तर हटकून मिळतें तें असें : शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवून गृहस्थ म्हणतात, "तें हिला विचारा." मग बाई सांगूं लागतात. सकाळचा चहा किती वाजतां, पोळ्या किती, भात किती, गोळ्यांचीं नांवें काय, मागच्या तपासणीचे आंकडे काय, सारें त्यांना मुखोद्गत असतें. बोलणें संपल्यावर डॉक्टरांनीं सहज विचारावें, "आणि तुमच्या स्वतःच्या रक्तांतली साखर कधीं तपासली होती?" कीं बाई हसतात आणि म्हणतात, "मला काय झालंय!"

या लहानशा संवादांत दोन मोठ्या चुका दडलेल्या आहेत. ज्याचा देह आहे त्यानें त्याची काळजी दुसऱ्यावर सोंपविली आहे. आणि जिनें ती पत्करली आहे तिनें स्वतःचा देह हिशेबांतूनच वगळला आहे. आपलें आरोग्य राखण्याची जबाबदारी कोणाची आणि ती पार पाडावयाची म्हणजे रोज नेमकें काय करावयाचें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. तो मी मधुमेहाच्या उदाहरणानें मांडणार आहें. कारण रोजच्या सवयी आणि रोग यांचा संबंध इतक्या स्पष्टपणें फार थोड्या विकारांत दिसून येतो.

प्रथम या रोगाचा विस्तार लक्षांत घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. खेड्यांतील प्रौढांपैकीं शेंकडा ८.९ लोकांना हा रोग आढळला, तर शहरांतील प्रौढांपैकीं शेंकडा १६.४ लोकांना. हें जवळजवळ दुप्पट प्रमाण शहरवासीयांनीं विसरतां कामा नये. त्यांत राहणीच्या फरकाचा वाटा मोठा आहे.

आतां हा रोग होतो कसा तें पाहूं. आपण खाल्लेल्या भातपोळीचें पचन होऊन साखर तयार होते व ती रक्तांत मिसळते. पोटांत जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाची एक ग्रंथि आहे. तिच्यांतून इन्शुलिन नांवाचा स्राव रक्तांत येतो. रक्तांतली साखर स्नायूंनीं आणि मेदानें आंत ओढून घ्यावी व यकृतानें नवी साखर रक्तांत सोडणें आवरतें घ्यावें, असा आदेश हा स्राव देतो. कांहीं माणसांच्या शरीरांत, विशेषतः पोटाभोंवतीं आणि यकृतांत चरबी सांचली म्हणजे, या आदेशाकडे दुर्लक्ष होऊं लागतें. मग तेंच काम करून घेण्यासाठीं स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन निर्माण करावें लागतें. अशीं वर्षांमागून वर्षें जातात. माणसाला कांहीं जाणवत नाहीं. वेदना नाहीं, ताप नाहीं, अन्नावरची वासना उलट चांगली. अखेर स्वादुपिंड थकतें आणि रक्तांतली साखर वाढूं लागते. फार तहान लागणें, वारंवार लघवीला होणें, वजन उतरणें हीं लक्षणें दिसूं लागतात तोंपर्यंत कित्येकांच्या डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें आणि पायांच्या नसा यांना इजा पोंचण्यास आरंभ झालेला असतो. हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. मधुमेहाचा दुसराही एक प्रकार आहे. तो बहुधा बालपणीं किंवा तरुणपणीं सुरू होतो. त्यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्याचा खाण्याच्या किंवा आळसाच्या सवयींशीं कांहींही संबंध नाहीं. त्या मुलांचें जीवन इन्शुलिनवरच अवलंबून असतें. बँटिंग आणि बेस्ट यांनीं १९२१ सालीं टोरोंटो येथें तें शोधून काढलें आणि जानेवारी १९२२ मध्यें एका १४ वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. तोंपर्यंत अशीं मुलें थोड्याच काळांत दगावत. अशा मुलाच्या आईला "फार गोड खाऊं घातलेंत म्हणून झालें" असें म्हणणें निव्वळ अज्ञान आहे, आणि क्रौर्यही आहे. मी आज बोलत आहें तें प्रौढ वयांत येणाऱ्या, कितीतरी अधिक प्रमाणांत आढळणाऱ्या मधुमेहाविषयीं.

हा रोग सुखासीनतेशीं निगडित आहे ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या नजरेंतून सुटलेली नव्हती. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना आरामांत बसून राहणें आणि सुखानें झोप काढणें यांना अग्रस्थान दिलेलें आहे. सुश्रुताचा उपाय तर आजच्या कोणत्याही डॉक्टरापेक्षां कडक आहे! प्रमेहाच्या निर्धन रोग्यानें पायांत जोडा नाहीं, डोक्यावर छत्री नाहीं अशा स्थितींत शंभर योजनें चालावें, गाईंच्या मागें हिंडावें, विहीर खणावी असें तो सांगतो. आपण शंभर योजनें चालण्याची आवश्यकता नाहीं; पण औषधाइतकाच चालण्याला मान देणारी ही दृष्टि मात्र आपण घेतली पाहिजे.

"पण मी कांहीं लठ्ठ नाहीं," असें कित्येक सडपातळ श्रोते मनांत म्हणत असतील. त्यांच्यासाठीं पुण्यांतील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांनीं २००४ सालीं आपलें एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें होतें. परंतु मोजून पाहतां युडकिन यांच्या शरीरांत चरबीचें प्रमाण शेंकडा ९.१ निघालें, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२! वजनाचा कांटा दोघांविषयीं एकच गोष्ट सांगत होता, आणि ती अपुरी होती. आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि पोटाभोंवतीं चरबी अशी ठेवण पुष्कळ आढळते. म्हणून वजनापेक्षां कमरेचा घेर आपल्याला अधिक खरी बातमी देतो. शिंप्याच्या साध्या फितीनें, शेवटची बरगडी आणि कमरेचें हाड यांच्या मधोमध, पोट आंत न ओढतां तो मोजावा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आंत असावा, असें दक्षिण आशियांतील लोकांसाठीं प्रमाण मानलेलें आहे.

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो होतें. पण आपलीं बाळें वजनानें इतकीं कमी असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची आणि इतर अवयवांची. म्हणजे ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतों. आईला गरोदरपणीं आणि त्यापूर्वीं काय पोषण मिळालें याचा तींत मोठा भाग असतो.

यावर कोणी विचारील, "प्रवृत्ति जर जन्माचीच, तर मग माझ्यावर जबाबदारी कसली?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचें उत्तर नीट समजून घेणें अवश्य आहे. दोष आणि जबाबदारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वडिलोपार्जित घर जुनें आणि गळकें मिळालें तर तो आपला दोष नव्हे. पण पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळून घेण्याची जबाबदारी त्यांत राहणाऱ्याचीच असते. रोग झाला म्हणून माणसाला अपराधी ठरविणें हें अन्यायाचें आहे. कित्येक रोगी या लाजेपायींच तपासणी टाळतात. उलट, दैवावर हवाला ठेवून स्वस्थ बसणें हेंही शहाणपणाचें नाहीं. ज्याची प्रवृत्ति अधिक त्यानें काळजीही अधिक घ्यावयाची, एवढाच याचा अर्थ.

अशा काळजीचा खरोखर उपयोग होतो काय? याविषयीं केवळ उपदेशावर विसंबण्याचें कारण नाहीं. निरनिराळ्या देशांत याची कसोटी पाहण्यांत आलेली आहे. चीनमधील डाचिंग शहरांत १९८६ सालीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ लोकांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. आहार व व्यायाम यांचें मार्गदर्शन सहा वर्षें चाललें, पण परिणामांचा मागोवा ३० वर्षें घेण्यांत आला. ज्यांना मार्गदर्शन मिळालें होतें त्यांचा मधुमेह सरासरीनें सुमारें चार वर्षें लांबला आणि त्यांच्यांत हृदयविकार व पक्षाघात यांचें प्रमाणही कमी राहिलें. फिनलंडमध्यें २००१ सालीं आणि अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आहार, चालणें आणि वजनांत थोडी घट एवढ्या उपायांनीं मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नीं कमी झालें. अमेरिकेच्या प्रयोगांत दुसऱ्या एका गटाला मेटफॉर्मिन हें औषध दिलें होतें. त्या गटांत ही घट शेंकडा ३१ च होती. आपल्याकडे चेन्नई येथें डॉ. रामचंद्रन यांनीं केलेल्या आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सवयी बदलल्यानें हें प्रमाण शेंकडा २८.५ नीं उतरलें. आपला आंकडा परक्यांपेक्षां लहान आहे हें मान्य केलें पाहिजे; पण तेथील लोकांच्या वजनांत फारसा फरक न पडतांही एवढा लाभ झाला, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां प्रत्यक्ष दिनचर्येकडे वळूं. पहिली गोष्ट हालचालीची. स्नायु काम करूं लागले म्हणजे ते इन्शुलिनच्या आदेशाची वाट न पाहतां रक्तांतली साखर आपण होऊन ओढून घेतात. चालण्याचें मर्म यांत आहे. आठवड्यांतून एकंदर १५० मिनिटें, म्हणजे पांच दिवस रोज अर्धा तास, झपाट्यानें चालावें. चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये, एवढा वेग पुरे. अर्धा तास सलग सवड नसेल तर दहा दहा मिनिटांचे तीन भाग केले तरी चालतील. त्यांतही जेवणानंतरच्या चालण्याचा गुण निराळा आहे. कारण साखर रक्तांत उतरत असते त्याच वेळीं स्नायु ती खर्च करतात. शतपावलीची आपली जुनी चाल या दृष्टीनें अगदीं शास्त्रशुद्ध आहे; फक्त शंभर पावलांवर न थांबतां ती दहा-पंधरा मिनिटें चालूं ठेवावी. त्याखेरीज आठवड्यांतून दोनदां तरी स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम, म्हणजे बैठका, जोर, सूर्यनमस्कार, वजन उचलणें यांपैकीं झेपेल तो करावा. आणि कचेरींत बसून काम करणारांनीं दर अर्ध्या-पाऊण तासानें उठून चार पावलें टाकावीं. सकाळीं तासभर फिरून आलों म्हणून दिवसभर खुर्चीला चिकटून बसण्याचा परवाना मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट ताटाची. आपल्या महाराष्ट्रीय पानाची मूळ रचना मोठी शहाणपणाची आहे. डावीकडे कोशिंबीर, चटणी. उजवीकडे भाजी, उसळ. मध्यें वरणभात, पोळी. बिघडलें आहे तें प्रमाण. कोशिंबीर चमचाभर झाली आहे आणि भातपोळीनें ताट भरलें आहे. अर्धें ताट भाजी व कोशिंबिरीचें, पाव ताट वरण, उसळ, अंडें किंवा मासळी यांचें, आणि उरलेलें पाव ताट भात, पोळी किंवा भाकरीचें, एवढा बदल केला तरी पुष्कळ साधतें. आधीं कोशिंबीर-भाजी व उसळ खाऊन भातपोळी मागाहून खाल्ली तर साखर एकदम उसळत नाहीं. पॉलिश केलेल्या तांदळाऐवजीं मधून मधून ज्वारी-नाचणीची भाकरी असावी. परंतु ज्वारीही पिष्टमयच आहे, तेव्हां भाकरी कितीही खावी असें मात्र नव्हे.

कोणी गोड खात नाहीं असें सांगतो तेव्हां त्याच्या चहाचा हिशेब अवश्य करावा. दिवसांतून चार कप आणि दर कपाला दोन चमचे साखर धरली तर ३२ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहांतून जाते. वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आंत आणि साधेल तर २५ ग्रॅमच्या आंत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याचा साधारण अर्थ होतो. त्यांतली ही मोठी मर्यादा चहानेंच गांठत आणलेली असते, आणि चहाबरोबरचीं बिस्किटें अजून मोजावयाचींच आहेत. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करीत गेल्यास जिभेलाही फारसें जड जात नाहीं. गूळ आणि मध निरुपद्रवी आहेत हा समजही सोडून द्यावा. रक्तांत उतरल्यावर तेही साखरेचे भाऊबंदच आहेत. फळ चावून खावें, त्याचा रस काढून पिऊं नये. उपवासाविषयींही दोन शब्द बोललें पाहिजे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड आणि वर गोड दही असा जो उपवास आपण करतों त्यानें पुण्य लाभत असेल. स्वादुपिंडाला मात्र त्या दिवशीं दुप्पट राबावें लागतें. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालूं आहे त्यांनीं तर कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूंच नये; साखर एकाएकीं फार उतरली तर तीही जिवावर बेतते.

तंबाखू आणि झोप यांविषयीं थोडक्यांत सांगतों. विडी-सिगारेटनें मधुमेहाचा संभव वाढतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांवर तर तिचा आघात दुहेरी होतो. मिश्री लावणें ही स्त्रियांची निर्दोष संवय समजली जाते. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिचीं विषें हिरड्यांतून रक्तांत जातात. झोपेचें म्हणाल तर सात तासांची झोप हा आळस नव्हे. अपुऱ्या झोपेनें इन्शुलिनचा आदेश अधिकच निष्प्रभ होतो आणि दुसऱ्या दिवशीं भूकही भलतीच लागते.

तिसरें कर्तव्य तपासणीचें. हा रोग मुकाट्यानें येतो, म्हणून त्याला आपण होऊन हुडकलें पाहिजे. वयाच्या तिसाव्या वर्षापासून प्रत्येकानें, आणि घरांत आईवडिलांना मधुमेह असेल त्यानें तर विशेष आठवणीनें, रक्त तपासून घ्यावें. उपाशीं पोटीं घेतलेल्या रक्तांत साखर १०० मिलिग्रॅमच्या आंत असेल तर ठीक. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ किंवा अधिक आंकडा पुन्हां तपासूनही तोच आला तर तो मधुमेह होय. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी आहे, तिला एचबीएवनसी म्हणतात. तिचा आंकडा ६.५ किंवा अधिक आला तरी अर्थ तोच. ज्या भगिनींची साखर गरोदरपणीं वाढली होती त्यांनीं हें विशेष ऐकावें : बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणजे प्रकरण संपलें असें नाहीं. अशा स्त्रियांना पुढें मधुमेह होण्याचा संभव इतरांपेक्षां कित्येक पटींनीं अधिक असतो. बाळाच्या लशींच्या तारखा आपण जशा पाळतां तशी आपल्या रक्ताच्या तपासणीची तारीखही पाळावी.

ज्यांना रोग झालेलाच आहे त्यांनींही निराश होऊं नये. औषध घ्यावें लागणें म्हणजे आपली हार झाली असें मानण्याचें कारण नाहीं. औषध आणि सवयी मिळूनच काम करतात, आणि औषध मनानें बंद करणें हें धैर्य नव्हे. वर्षांतून एकदां डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडें तपासून घ्यावीं, आणि रोज रात्रीं निजण्यापूर्वीं आपले तळपाय पाहावे. नसा बधिर झालेल्या असल्या म्हणजे टांचणी रुतलेलीही कळत नाहीं, आणि पाय गमावण्याचा प्रसंग कित्येकदां अशाच एका दुर्लक्षित जखमेपासून सुरू होतो.

शहरांतील सर्वांनाच हें सारखें सोपें आहे असें मी म्हणत नाहीं. जो पहांटे घर सोडतो आणि आगगाडींत लोंबकळून रात्रीं परततो, ज्याच्या रस्त्याला पदपथ नाहीं आणि ज्याच्या पेठेंत मैदान नाहीं, त्याला "चाला" असें सांगणें सोपें असतें. चालण्याजोगे रस्ते आणि मोकळीं मैदानें मिळविणें ही नगराची जबाबदारी आहे, आणि ती मागण्याचें कामही आपलेंच आहे. पण पदपथ होईपर्यंत जिना तर आपला आहे, जेवणानंतरचीं पंधरा मिनिटें तर आपलीं आहेत, आणि चहांतला चमचा तर सर्वस्वीं आपल्याच हातांत आहे.

शेवटीं ज्या दांपत्यापासून आरंभ केला त्यांच्याकडे परत येतों. गृहस्थांना माझी विनंति अशी कीं, आपल्या गोळ्या आपण लक्षांत ठेवाव्या, आपले आंकडे आपण एका वहींत लिहावे, आणि डॉक्टरांनीं विचारलें असतां स्वतः उत्तर द्यावें. पत्नीनें पथ्याचें रांधावें आणि आपण बाहेर मित्रांबरोबर फरसाणावर ताव मारावा, याला पथ्य म्हणत नाहींत. भगिनींना विनंति अशी कीं, घरांत एकासाठीं निराळें पथ्याचें ताट करण्याचा खटाटोप सोडावा. मीं सांगितलेलें ताट घरांतील साऱ्यांच्याच हिताचें आहे, आणि त्यांत आपण स्वतःही आहांत. पुढच्या खेपेस यजमानांचें रक्त तपासावयास द्याल तेव्हां आपलाही हात पुढें करा. आणि आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर भांडीं तशींच राहूं द्या. दोघेंही मिळून पंधरा मिनिटें फिरून या, आणि परत आल्यावर तीं दोघांनीं मिळून घासा. त्यानेंही चार पावलांइतका व्यायाम होईलच!